आवाज बसला त्या दिवसांत

प्रिय कुजबूज,

या नावाने तुला आता कुणी हाक मारत असेल असं वाटत नाही. तू आता ज्या हॉटेलात काम करतेस तिथले लोक तुला मॅडम म्हणत असतील, नाहीतर नुसतंच 'अहो' करून बोलावत असतील. पण मला तुझ्यासाठी दुसरं नाव सुचेना. 'सप्रेम नमस्कार' असं लिहून बघितलं, ते इतकं परकं दिसायला लागलं की कागद फाडला, आणि मग हात आपोआप जुन्या नावाकडे वळला. रागावू नकोस. तुझा पत्ता शिवणाच्या टेबलावरच्या मावशींनी दिला, पण सहजासहजी नाही. आधी चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, तिला त्रास होईल असं काही लिहिणार असशील तर मला पत्ता आठवत नाही. मी शपथ घेतली तेव्हा कुठे आठवला. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू 'हं, हं' करत सगळं ऐकून घेतेस आणि शेवटी 'बरं, ठेवू?' म्हणतेस, आणि मला जे सांगायचं असतं ते घशातच राहतं. पत्राला तसं करता येत नाही.

आपली लॉन्ड्री आहे तिथेच आहे. शहरातल्या सगळ्या मोठ्या रुग्णालयांच्या चादरी, अभ्रे, गाऊन अजून आपल्याकडेच येतात. भिंतींना नवा रंग दिला, फिकट निळा, पण वाफेने तो आताच पोपडे धरायला लागलाय. मळक्या कपड्यांच्या बाजूला आता पंखे बसवलेत, त्यामुळे मास्क लावून जीव गुदमरत नाही. इस्त्रीचा मोठा रोलर अजून तोच, अजून तसाच तऱ्हेवाईक. ड्रायरवरचा पैलवान अजून उशिरा येतो आणि अजून तसाच हसतो. ड्रायव्हरमामांना चष्मा लागलाय, पण ते तो गाडी चालवताना लावतात आणि आरशात बघताना काढतात. आणि मी काचेच्या केबिनमध्ये बसते, जिथे आधी साहेब बसायचे.

साहेब म्हणजे आपला भोंगा. तू सोडून बाकी सगळे त्याला पाठीमागे भोंगाच म्हणायचे. तू कधीच म्हणाली नाहीस. तू म्हणायचीस, मशीनच्या आवाजात ओरडून ओरडून माणूस असा होतो, त्याचा दोष नाही. तो निवृत्त होणार हे कळलं तेव्हा सगळ्यांनी धरूनच चाललं होतं की त्या खुर्चीत तू बसणार. मीही तेच धरलं होतं. आपण दोघी एकाच आठवड्यात कामाला लागलो, घडीच्या टेबलावर समोरासमोर उभ्या राहिलो, पण सुपरवायझर तू आधी झालीस आणि मला शिकवलंसही तूच. म्हणून तू जेव्हा म्हणालीस की मला ते पद नकोच आहे, घरी बघायचं असतं, तू अर्ज कर, तेव्हा मला नवल वाटलं होतं. पण तू इतक्या सहज म्हणालीस की मी खोदून विचारलं नाही. मला नेमणूक मिळाली, तू मला मिठी मारलीस, आणि महिनाभरात नोकरी सोडून दुसऱ्या गावी निघून गेलीस. निरोपाच्या दिवशी सगळ्यांना भेटलीस, माझ्या केबिनपर्यंत मात्र आली नाहीस. मी काचेतून बघत होते.

असो. त्या खुर्चीत बसल्यावर मी काय केलं ते ऐक. मी ओरडले. खोटं कशाला सांगू, दुसरं काही करायचं असतं हे मला सुचलंच नाही. मॅनेजर म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं: जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा असलेला, कमरेवर हात ठेवलेला, आणि ज्याचा आवाज शेवटच्या वॉशरपर्यंत पोचतो असा माणूस. माझा आवाज पोचायचा. कामही व्हायचं, अगदी वेळेवर व्हायचं. वर्षभरात माझं बारसं झालं. पाठीमागे मला 'भोंगीण' म्हणायला लागले. हे मला पैलवानाने चुकून तोंडावरच म्हणून दाखवलं आणि मग बिचारा दोन दिवस ड्रायरमागे लपून काम करत होता.

वरच्या लोकांना माझं काम आवडलं आणि त्यांनी मला नेतृत्वाच्या शिबिराला पाठवलं. तुला ते बघायला हवं होतं. मोठ्या हॉटेलचा हॉल, थंडगार, प्रत्येकासमोर पाण्याची बाटली आणि टोक केलेली पेन्सिल. शिकवणारे गृहस्थ गालाला चिकटवलेल्या माइकमधून बोलत होते. नेतृत्व म्हणजे काय ते एका शब्दात लिहा म्हणाले. कुणी 'दूरदृष्टी' लिहिलं, कुणी 'धैर्य', माझ्या शेजारच्याने 'मी' असं लिहिलं आणि त्यालाच जास्त टाळ्या पडल्या. मी 'आवाज' लिहिलं. मग विश्वासाचा खेळ झाला. डोळे मिटून मागे पडायचं आणि जोडीदाराने झेलायचं. माझा जोडीदार एका सिमेंट कंपनीचा मॅनेजर होता. मी डोळे मिटले, मागे पडले, आणि नेमका त्याच क्षणी त्याला फोन आला. कमरेला शेक घेत मी घरी आले. नवऱ्याने विचारलं, काय शिकवलं? म्हटलं, झेलणाऱ्याचा फोन आधी काढून घ्यायचा.

यंदाच्या सुरुवातीला घसा धरला. आधी वाटलं सर्दी असेल. मग आवाज फाटायला लागला, मग वाक्याच्या अर्ध्यात गायब व्हायला लागला. डॉक्टरीणबाईंनी घशात नळी घालून बघितलं आणि स्वरयंत्रावर गाठी आहेत म्हणाल्या. लहानशी शस्त्रक्रिया करायची, आणि त्यानंतर काही आठवडे एक अक्षर बोलायचं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्याने तर आणखी ताण पडतो. मला हसू आलं, कारण मला तूच आठवलीस. म्हटलं, बघ, तुझं औषधसुद्धा मला चालणार नाही म्हणतात. सुट्टी घ्या म्हणाल्या, पण हिवाळ्यातल्या आजारांचे दिवस होते, रुग्णालयं भरलेली, गाड्या ओसंडून यायच्या. मी लेकीची जुनी पाटी गळ्यात अडकवली आणि कामावर गेले.

घरच्यांची आधी मजा झाली. नवऱ्याने पहिल्या दिवशी शेजाऱ्यांना बोलावून सांगितलं की देवाने ऐकलं एकदाचं. चौथ्या दिवशी मात्र तो माझ्यासमोर बसून म्हणाला, अगं काहीतरी बोल, निदान खडूने तरी भांड. लेक माझे हात वाचायला शिकली. ती सगळ्यांना माझं बोलणं समजावून सांगायची आणि त्यात स्वतःच्या सोयीचं बरंच काही घालायची.

लॉन्ड्रीत मात्र पहिले दोन दिवस मी रडकुंडीला आले. केबिनमधून ओरडून सांगता येईना. पाटीवर लिहून काचेला लावायची, तर वाफेने काच धुरकट. ओल्या हाताने अक्षरं फिसकटायची. शेवटी कंटाळून केबिन सोडली आणि ज्याला काही सांगायचं असेल त्याच्यापर्यंत चालत जायला लागले. जायचं, शेजारी उभं राहायचं, पाटीवर लिहायला सुरुवात करायची. आणि गंमत अशी की माझं लिहून होण्याआधीच माणसं बोलायला लागायची. आपल्याजवळ कुणी नुसतं उभं राहिलं की माणसाला राहवत नाही. पैलवान आईला रोज सकाळी उपचाराला सोडून येतो म्हणून त्याला उशीर होतो, हे मला त्याच्या शेजारी उभी राहिल्यावर कळलं. मळक्या बाजूच्या बायकांना हातमोजे मोठे होतात, म्हणून त्या मनगटाला दोरी बांधतात, हे कळलं. आम्ही पैलवानाची पाळी पुढे सरकवली, लहान मापाचे हातमोजे मागवले. एवढंच केलं. पण तिसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की कामाची गती वाढलीय, आणि मी त्यासाठी काहीच सांगितलेलं नाही.

आणि मग मला तो गटार तुंबल्याचा दिवस आठवला. तुला आठवतो? वॉशरखालून पाणी उलटं वर आलं आणि घोट्यापर्यंत चढलं, वर सगळीकडे विजेच्या तारा. साहेब जिन्यावरून ओरडले, पळा, सगळे पळा. आणि ओरडता ओरडता स्वतःच घसरून चार पायऱ्या बसून उतरले. तू मुख्य खटका बंद केलास आणि मग पाण्यातून सावकाश चालत एकेकाजवळ गेलीस. प्रत्येकाच्या दंडाला हात लावून कानाशी काहीतरी म्हणालीस. मला म्हणालीस, 'हातातलं खाली ठेव, भिंतीला धरून माझ्यामागे ये.' कुणी धावलं नाही, कुणी पडलं नाही. साहेब सोडून. त्या दिवशी आपण हसलो आणि विसरलो. इतक्या वर्षांनी, गळ्यात पाटी घालून ड्रायरशेजारी उभी असताना मला कळलं की मी जे अडचणीपोटी करतेय, ते तू मनापासून करायचीस. आणि ते करणाऱ्या बाईच्या हाताखाली मी इतकी वर्षं काम केलं आणि शिबिरात जाऊन 'आवाज' असं लिहून आले.

आता खरी हकीकत. माझा मौनाचा काळ संपत आला होता तेव्हाची. सकाळी मोठ्या रुग्णालयाच्या मेट्रनबाईंचा फोन आला. तिथल्या दोन मजल्यांवर जुलाब-उलट्यांचा संसर्ग पसरला होता. प्रत्येक खाटेवरची प्रत्येक चादर, अभ्रा, पडदा काढून आमच्याकडे पाठवला होता आणि सगळं धुऊन संध्याकाळपर्यंत परत हवं होतं. रोजच्या दुप्पट माल. आमचे लोक कंबर कसून उभे राहिले. पहिल्या चादरी धुऊन पिळून बाहेर आल्या, रोलरवर चढल्या, आणि रोलर एकदा कण्हला आणि थांबला. बेअरिंग जॅम. मेकॅनिक म्हणाला, भाग मागवावा लागेल, आज विसरा.

तू जाणतेस, चादरी आपण ड्रायरला लावतच नाही. ओल्या चादरी थेट रोलरवर, तिथेच वाळायच्या आणि तिथेच इस्त्री व्हायची. रोलर बंद म्हणजे चादरीच बंद. ड्रायर तर गाऊन आणि टॉवेलांनीच भरलेले. सगळा हॉल थांबला. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सवयीने तोंड उघडलं आणि मिटलं. खरं सांगू, मला उत्तर ठाऊक नव्हतं. आवाज असता तर ते लपवता आलं असतं. काहीतरी जोरात बोलले असते, माणसं धावपळीला लागली असती आणि धावपळ बघून मलाही बरं वाटलं असतं. पाटीवर मात्र खोटा आव आणता येत नाही. मी लिहिलं, 'मला सुचत नाहीये. तुम्हाला काय वाटतं?' आणि पाटी डोक्यावर धरली.

पैलवानाने मोठ्याने वाचून दाखवलं. मग ड्रायव्हरमामा म्हणाले की अंगणात गाड्यांच्या मधे दोऱ्या बांधू. मळक्या बाजूची एक बाई म्हणाली, आणि रस्त्याची धूळ बसली म्हणजे, आपण काय आजाऱ्यांना धूळ पांघरायला देणार? त्यावर दोघांचं वाजलं. मी मधे पडले नाही. दोघांचं ऐकून मावशी म्हणाल्या, दोऱ्या बांधायच्याच तर आत बांधा, स्वच्छ बाजूला, आणि मळक्या बाजूचे जास्तीचे पंखे जंतुनाशकाने पुसून इकडे आणा. पैलवान म्हणाला, गाऊन-टॉवेल मधे मधे थांबवून मी ड्रायरमध्ये चादरी अर्ध्या वाळवून देतो, पूर्ण नाही, म्हणजे दुप्पट जातील. हिशेबनीस, जे कधी वरचा मजला सोडत नाहीत, ते जिन्यावरून म्हणाले की पूर्वी आमच्या घरी दोघं दोन टोकं धरून चादर ताणायचे, मग इस्त्री लागायची नाही. मी पाटीवर लिहिलं आणि पैलवानाने ते फोनवर वाचून मेट्रनबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, चालता-फिरता पेशंट असेल तर ताणलेली चादर चालेल. पण जे दिवसेंदिवस पाठीवर पडून आहेत त्यांच्या खाली एक सुरकुती नको, कातडी सोलवटते. मग ठरलं की हातइस्त्रीची लहान टेबलं फक्त त्यांच्यासाठी. हे सगळं ठरायला चहा निवण्याइतकासुद्धा वेळ लागला नाही. माझं काम एवढंच उरलं की ठरलेलं पाटीवर लिहायचं आणि कोण कुठे उभं राहणार ते बोटाने दाखवायचं.

आम्ही कामाला लागलो आणि संचालक आले. नवे आहेत, तू बघितलेले नाहीत. वाईट माणूस नाही, पण रुग्णालयाने त्यांना करार मोडण्याची भीती घातली होती आणि ती भीती ते तशीच उचलून आमच्याकडे घेऊन आले होते. त्यांनी दोऱ्या बघितल्या, घड्याळ बघितलं आणि मला म्हणाले की असं होणार नाही, धुण्याची गरम पाण्याची फेरी अर्ध्यावर आणा, तिथे वेळ वाचेल, कपडे दिसायला स्वच्छच दिसतात. हॉल पुन्हा थांबला. जंतू मरतात ते त्या फेरीत, आणि त्या दिवशीच्या चादरी कुठून आल्या होत्या ते सगळ्यांना ठाऊक होतं. बाकीच्या गोष्टी मी सगळ्यांना विचारल्या होत्या. ही मी कुणाला विचारली नाही, कारण याचा भार मी त्यांच्यापैकी कुणावर टाकू शकत नव्हते. पाटी स्वच्छ पुसली, त्यावर 'नाही' लिहिलं आणि त्यांच्यासमोर धरली.

त्यांना वाटलं मला नीट कळलं नाही. ते पुन्हा सांगायला लागले, जरा चढ्या आवाजात. मी पाटी तशीच धरून उभी राहिले. गप्प असलेल्या माणसाशी भांडण फार वेळ चालत नाही गं. ते म्हणाले, 'याची जबाबदारी कोणाची?' मी स्वतःकडे बोट केलं. मागून मावशींचा आवाज आला, 'आणि साहेब, आमचीही.' सगळ्यांनी कामं थांबवून त्यांच्याकडे बघितलं. संचालकांनी कोट काढला, खुर्चीवर टाकला आणि जरा वेळाने अवघडून विचारलं की मी काय करू. मावशींनी त्यांच्या हातात चादरीचं एक टोक दिलं. दुसरं टोक हिशेबनिसांकडे होतं. पहिल्या हिसक्याला संचालक दोन पावलं पुढे ओढले गेले, आणि त्या सकाळी हॉलमध्ये पहिल्यांदा हसू फुटलं.

तू ते बघायला हवं होतंस. ऑफिसातले, गेटवरचे, मेकॅनिक, सगळे दोघा-दोघांच्या जोड्या करून उभे. ताण, झटक, दुमड. पांढऱ्या चादरी वर उडायच्या आणि खाली यायच्या, पंख्यांचा वारा, अर्ध्या वाळलेल्या कापडाचा गरम वास. आणि तेवढ्यात कोण दारात उभं? भोंगा. ड्रायव्हरमामांनी फोन केला होता, रोलरची खोड साहेबांना ठाऊक आहे म्हणून. रोलर त्यालाही बधला नाही. पण मालाच्या दारात गोंधळ चालला होता. कुठल्या ट्रॉलीत कुठल्या वॉर्डाचा माल, कोणती आधी जायची, मशीनच्या धडधडीत कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं. मी त्याला हाताला धरून तिथे नेलं, पाटीवर वॉर्ड लिहून दिले आणि त्याच्या घशाकडे बोट केलं. तो हसला. मग जो काही आवाज लावला त्याने. अख्खी दुपार तो तिथे उभा राहून वॉर्ड पुकारत होता आणि एकही ट्रॉली चुकीच्या गाडीत चढली नाही. त्या आवाजाची इतकी वर्षं चेष्टा केली, पण योग्य जागी उभा केला तर तो सोन्यासारखा निघाला.

दिवस मावळायच्या आत शेवटची गाडी गेली. गेटवरच्याने गाडीच्या मागच्या दारावर थाप मारली आणि सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला. कुणासाठी ते कुणालाच माहीत नव्हतं. मेट्रनबाईंनी रात्रीची पाळी सुरू होण्याआधी फोन करून सांगितलं की प्रत्येक खाट झाकली गेली. पुढे आठवड्याभरात संसर्ग आटोक्यात आला. करार तर मोडला नाहीच, उलट रुग्णालयाने त्यांच्या नव्या इमारतीचं कामही आपल्याला दिलं, आणि देताना त्यांनी कारण सांगितलं की इतक्या घाईतही तुम्ही 'नाही' म्हणू शकता; पाटीची गोष्ट संचालकांनीच त्यांना सांगितली होती.

गाड्या गेल्यावर भोंगा आणि मी मालाच्या ओट्यावर बसलो होतो. त्याचा घसा बसला होता, म्हणजे आम्ही दोघंही सारखेच. पाय हलवत तो हळू आवाजात, म्हणजे त्याच्या मानाने हळू, म्हणाला, 'आज तू जसं चालवलंस ना पोरी, तसं ती चालवायची.' मी मान हलवली. त्यावर तो म्हणाला, 'मीच तिला बोलावून सांगितलं होतं, तुझा आवाज पहिल्या मशीनपलीकडे जात नाही, तुझ्याने माणसं सांभाळली जाणार नाहीत, अर्ज करू नकोस. ती काही बोलली नाही. मला वाटलं पटलं तिला.' इतकी वर्षं मी समजत होते की तू माझ्यावर रुसून गेलीस. तू मात्र माझा आनंद नासू नये म्हणून घरचं कारण सांगून बाजूला झालीस आणि ते बोलणं एकटीने गिळलंस.

माझा आवाज परत आलाय. पूर्वीसारखा नाही, जरा घोगरा आहे, वरच्या पट्टीत जात नाही. लेक म्हणते तू आता गाणं म्हणू नकोस, पण ते ती आधीही म्हणायची. पाटी लेकीला परत दिली. सकाळी अजून हॉलमधून चालत जाते, एकेकाजवळ थांबते. कधी कधी सवय उसळी मारते आणि केबिनमधून हाक जाते. मग पैलवान कानावर हात ठेवतो आणि मी गप्प होते. सगळं गोड झालंय असं समजू नकोस. हिशेबनीस पुन्हा वरच्या मजल्यावर गेलेत आणि खाली बोलावलं की त्यांची पाठ दुखते.

आता कशासाठी लिहिलं ते सांगते, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल, नाहीतर आणखी वर चढेल. रुग्णालयाच्या नव्या कामामुळे शहराच्या दुसऱ्या टोकाला दुसरी लॉन्ड्री उभी राहतेय. मशीनं उतरली आहेत, माणसं घ्यायची आहेत, आणि तिथे मॅनेजर लागणार आहे. संचालकांनी मला विचारलं, तुमच्या नजरेत कोणी आहे का. मी तुझं नाव सांगितलं. समितीत एकाने विचारलं की हिचं नाव याआधी का पुढे आलं नाही. मी उत्तर द्यायच्या आत भोंगा, सल्लागार म्हणून बोलावलेला, उठून उभा राहिला आणि म्हणाला, 'माझ्या चुकीमुळे. ती चूक आज दुरुस्त करा.' तो हे बोलला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि समितीतले लोक दचकले, कारण तो आपल्या नेहमीच्या आवाजात बोलला होता. एकमताने ठरलंय. नेमणुकीचा अधिकृत कागद याच आठवड्यात तुला मिळेल, पण तो तुझ्या हातात पडण्याआधी हे तुला माझ्याकडून कळावं असं मला फार वाटत होतं. हा उपकार नाही, भरपाईही नाही. तिथे नव्या माणसांना पहिल्या दिवसापासून कुणीतरी जवळ जाऊन विचारणारं हवंय, आणि ते मला या वयात, घशातल्या गाठी काढून घेऊन शिकावं लागलं, तुला येतंच. घरचं कारण सांगू नकोस, मावशींकडून मला सगळं कळतं. फक्त हो म्हण. तुझ्या नेहमीच्या आवाजात म्हण. इथे आता आम्ही कान देऊन बसलोय, ऐकू येईल.

तुझीच,
घडीच्या टेबलावरची जोडीदारीण